बादलीला फुटलेला घाम

त्या रविवारी फिलिपिन्समधल्या सान रोके गावच्या बास्केटबॉल मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. चर्चमधली प्रार्थना संपली तशी सगळी माणसं अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी इकडे धावली. कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी काखेत कोंबडी घेऊन. पोर दाखवायला, कोंबडी वाहायला.

मैदानाच्या मधोमध टेबल. टेबलावर पत्र्याची बादली. बादलीमागे पांढरा पायघोळ झगा आणि पांढरी दाढी, म्हणजे आपो मेल्चोर. आपो म्हणजे आजोबा, गावाच्या लेखी बुवाच.

"हात लावा बादलीला! लावा, लावा, चावत नाही ती. कशी आहे?"

"कोमट आहे, आपो!" पुढच्या रांगेने एका सुरात सांगितलं. मिंदोरो बेटाच्या उन्हात पाणी कोमट नसेल तर काय असेल?

आपोंनी झग्यातून पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं काढलं. त्यात म्हणे मणी होता, केळफुलातून गळलेला.

"गुड फ्रायडेची मध्यरात्र," आपो डोळे मिटून सांगू लागले. "केळफूल हळूहळू वाकलं. मी खाली तोंड उघडून उभा. मणी पडला तो थेट जिभेवर! आणि लगेच केळीच्या बनातून तीन राक्षस निघाले. पहाटेपर्यंत कुस्ती झाली माझी!"

गर्दीत मागे उभ्या असलेल्या पुरिताने मनाशी हिशेब केला. पहिल्या रविवारी राक्षस एकच होता. सात रविवारांत त्याला दोन भाऊ झाले होते. पुरिता गावची दाई आणि आरोग्य केंद्राची नर्स. कुटुंब वाढलं की तिच्या लक्षात येई.

आपोंनी दुपटं बादलीत बुडवलं आणि हाताने पाणी ढवळत मंत्र सुरू केला. "दोमिनुस, प्लातानुस, क्रेसेरे, क्रेसेरे!" ही लॅटिन भाषा आहे असं सगळे मानत. लॅटिन येणारे पाद्री महिन्यातून एकदा यायचे, आणि आपो नेमका तो रविवार सोडून यायचे.

"बघा!" कुणीतरी किंचाळलं.

बादलीला घाम फुटला होता. पत्र्यावर आधी धूसर वाफ धरली, मग थेंब झाले, थेंबांचे ओघळ झाले. पुढच्या रांगेने हात लावले आणि चटके बसल्यासारखे मागे घेतले. "गार! बर्फासारखी गार!" बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"मणी केळीसाठी घाम गाळतोय," आपो खोल आवाजात म्हणाले. "आता तुमची केळ ताठ उभी राहील. पण एक लक्षात ठेवा, या पाण्यावर राख नाही, शेण नाही, पाचोळा नाही. मणी रुसतो."

"गार आहे" असं पहिल्यांदा ओरडायचं, मग बादली उचलून बाटल्या भरायचं काम फिलेमोनकडे होतं. फिलेमोन म्हणजे पुरिताचा नवरा. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, तरी गावच्या बास्केटबॉल संघाचा कप्तान. बाटली भरताना त्याचा चेहरा असा व्हायचा की जणू राक्षसांशी कुस्ती त्यानेच केली होती.

आणि खोटं कशाला बोला, केळी हिरव्या झाल्या होत्या. डोंगरावरच्या केळींना आजवर चुलीतली राख आणि म्हशीचं शेण एवढंच ठाऊक. या पाण्याने दहा दिवसांत पानं अशी गर्द झाली की खालच्या गावचे लोक बघायला यायचे.  मंत्राने पान हिरवं होत नाही एवढं पुरिताला पक्कं माहीत होतं. पण पान हिरवं झालं होतं.

तेवढ्यात गर्दीतून लोला ब्रिगिदा पुढे आली. लोला म्हणजे आजी. तिला स्वतःची नातवंडं नव्हती, म्हणून सगळं गावच तिला लोला म्हणायचं. तिच्या हातात केळीचं एक पान होतं, कडेपासून आतपर्यंत करपलेलं.

"आपो," ती हळूच म्हणाली, "माझ्या चाळीसही केळी अशा झाल्यात. मी रोज पाणी घातलं हो. कुणापेक्षा कमी नाही घातलं."

आपोंनी पान हातात घेतलं, हुंगलं, मान हलवली. "पाणी सगळ्यांना एकच दिलं. मग तुझंच का जळलं? लोला, तुझ्या घरात पाप आहे."

 लोलाच्या शेजारची बाई नकळत एक पाऊल बाजूला सरकली. पुरिताने ते पाऊल पाहिलं.

"घाबरू नका!" आपोंनी लगेच आवाज चढवला. "ज्या पाण्याने केळ ताठ होते, त्याने पोर का ताठ होणार नाही? पुढच्या रविवारी पोरांना घेऊन या. रिकाम्या पोटी, पेला घेऊन. एकेक पेला पाणी प्यायला मिळेल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुरिताचे हात खालीच राहिले.

*

दुसऱ्या दिवशी ती लोलाकडे गेली. चाळीस केळी उभ्या होत्या, पण जत्रा उठल्यावरच्या कनातीसारख्या. दावणीला बकरी नव्हती.

"बकरी कुठे, लोला?"

"गेली. बुधवारी मण्याच्या पाण्याची बादली उघडी राहिली. तोंड घातलं तिने, पोट फुगलं, तासाभरात आडवी. आपोंना विचारलं तर म्हणाले, बकरी हे सैतानाचं जनावर, पवित्र पाणी तिला सोसत नाही." लोला पायरीवर बसून होती. चूल थंड होती. "पोरी, मी आठवून आठवून बघतेय. लग्नाच्या वर्षी शेजारणीचं कोंबडं आमच्या अंगणात आलं आणि मी ते आपलंच म्हणून शिजवलं होतं. त्याचं असेल का गं?"

"बावन्न वर्षांपूर्वीचं कोंबडं?"

"देवाला काय, कालच्यासारखंच."

पुरिताला हसू आलं. "मला आधी सांगा, पाणी घालत कसं होता?"

"कसं म्हणजे? आपोंनी सांगितलं होतं, बादलीभर साध्या पाण्यात पेलाभर घाला. पण मी म्हटलं, आपली जमीन हलकी, आपण कमी का घालायचं? अख्ख्या बाटल्या बादलीत उपड्या करून तसंच ओतलं. बुंध्यापाशी. दर रविवारी इतरांच्या दुप्पट बाटल्या मागून आणायची."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांत जास्त घातलंत."

"सगळ्यांत जास्त. माझी श्रद्धाच तेवढी होती."

 पुरिताच्या हिशेबात काहीतरी उलटं पडत होतं. थोडी श्रद्धा ठेवणाऱ्याचं पान हिरवं, आणि भरपूर ठेवणाऱ्याचं जळालेलं. देवाचा असा कसा न्याय? असं वागतं ते औषध. मात्रेत दिलं तर गुण, पातेलंभर पाजलं तर अंत्यविधी.

लोलाची बादली तिने उलटी केली. तळाशी पाणी उन्हात आटून पांढरी खरखरीत पुटं धरली होती.

"हे काय?"

"मण्याचं मीठ असेल," लोला म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "भात खाशील का? म्हणजे शिजवावा लागेल. कालपासून मी चूल पेटवली नाही."

पुरिताने स्वतःच भात टाकला आणि लोला जेवल्याशिवाय उठली नाही.

*

मंगळवारी फिलेमोन लंगडत आरोग्य केंद्रात आला. घोटा सुजून टम्म.

"सामना तर शनिवारी आहे. आजच कसा पडलास?"

"पाय घसरला."

"कुठे?"

"शेतात."

"शेतात काय करत होतास?"

फिलेमोनने छताकडे पाहिलं. "बांबू रोवत होतो."

"कशाला?"

"केळीला टेकू द्यायला," तो पुटपुटला. "परवा जरा वारा सुटला ना, तर आपल्या चार केळी आडव्या झाल्या. कुणाला सांगू नकोस. लोकांना वाटतं, कप्तानाच्या केळी सगळ्यांत उंच."

"मण्याचं पाणी प्यायलेल्या केळी बांबूच्या आधाराने उभ्या आहेत?"

"उंच फार झाल्या गं, पण अंगात जीवच नाही. बुंधा दाबला तर बोट आत जातं."

पुरिताने कपाटातून थंड पिशवी काढली. खेळाडूंसाठी तालुक्याहून अशा पिशव्या येत. मुठीने दाबली की आतली पाण्याची पुडी फुटते आणि पिशवी एकदम गार पडते, बर्फ लागत नाही. तिने पिशवीवर गुद्दा मारला, हलवली आणि फिलेमोनच्या घोट्यावर ठेवली.

"आहाहा," फिलेमोन म्हणाला.

 पुरिता पिशवीकडे टक लावून बघत होती. पिशवीवर बारीक बारीक थेंब धरत होते.

"काय झालं?"

"फिलेमोन, आपोंचं दुपटं बादलीत जाताना केवढं असतं?"

"असेल नारळाएवढं."

"आणि बाहेर येताना?"

तो विचारात पडला. "पिळलेल्या रुमालाएवढं. का?"

"मी हजारभर बाळं दुपट्यात गुंडाळली आहेत. मण्यासारख्या वाटाण्याएवढ्या बाळाला नारळाएवढं दुपटं लागत नाही. आणि अंघोळ घातली म्हणून कुठलं बाळ रोड होत नाही."

मुदत संपलेली एक पिशवी तिने कात्रीने उघडली. आतून पांढरे गोल दाणे टेबलावर सांडले, साबुदाण्यासारखे. पिशवीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं, आत पाणी आणि युरिया.

बुधवारी लशी आणायला ती जीपनीने, म्हणजे लांबलचक प्रवासी जीपने, तालुक्याला गेली आणि खतांच्या दुकानात शिरली. "युरिया द्या. थोडासाच."

दुकानदारीण वजन करता करता म्हणाली, "सान रोकेच्याच ना तुम्ही? तुमच्या डोंगरावर एकदम भातशेती कशी सुरू झाली? पांढऱ्या दाढीचे एक आजोबा दर शुक्रवारी अख्खं पोतं नेतात. केवढी आहे त्यांची शेती?"

"खूप मोठी," पुरिता म्हणाली. "आमच्यावरच करतात ते शेती."

"आणि हो, झाकून ठेवा हं. बकरीने, म्हशीने तोंड घातलं तर पोट फुगून मरतं जनावर."

घरी येऊन तिने बादलीत चार लिटर पाणी घेतलं, जुन्या ओढणीत किलोभर युरिया बांधला आणि ढवळू लागली. फिलेमोन चुलीपाशी सुके मासे भाजत होता. दोन मिनिटांत बादलीला घाम फुटला. फिलेमोनच्या हातातला मासा निखाऱ्यात पडला.

"पुरिता! तुलाही मणी सापडला?"

"सापडला ना. काल तुझ्या ताटातल्या भातात होता, तोच खडा." तिने ओढणी सोडून उरलेले दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. "हे खत आहे. पाण्यात विरघळताना ते पाण्यातली उष्णता ओढून घेतं, म्हणून पाणी गार पडतं. पाणी गार, म्हणून पत्रा गार. आणि आपल्या इथली हवा ओलीचिंब, तिच्यातली वाफ गार पत्र्यावर थेंब होऊन बसते. प्रार्थना करा नाहीतर शिव्या द्या, थेंब येणारच."

फिलेमोनने दाणे बोटाने उलटेपालटे केले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सात रविवार मी बादली उचलली. लोक मला काय म्हणतील?"

"मूर्ख म्हणतील."

"तू बायको आहेस माझी!"

"म्हणून खरं सांगते. दोन दिवस म्हणतील. शनिवारचा सामना हरलात की तेच बोलत बसतील."

*

शनिवारचा सामना ते हरलेच. रविवारी मैदानावर पोरांची रांग लागली होती, हातात पेले, पोटात काही नाही. दोघीचौघींची पोरं भुकेने रडत होती. आपो बादलीशी उभे राहिले आणि झग्यात हात घालणार तोच पुरिता पुढे झाली. मागून फिलेमोन लंगडत तीन बादल्या घेऊन.

"आपो, जरा थांबा. या गावात पोरांच्या पोटात जाणारं प्रत्येक औषध आधी माझ्या हाताखालून जातं. पोलिओचा थेंबसुद्धा. तुमचं पाणीही जाईल."

"मण्याला बाईचा हात चालत नाही, मुली."

"मग मणी राहू द्या. माझ्याकडे खडा आहे."

लोक हसले. आपोही मोठेपणाने हसले. पुरिताने वाटेवरचा एक खडा सगळ्यांना दाखवला, ओढणीच्या गाठोड्यात ठेवला, गाठोडं बादलीत बुडवलं आणि डोळे मिटून आपोंच्याच चालीवर सुरू केलं, "बीसीजी, पोलिओ, धनुर्वात, डांग्या खोकला, गोवर, गोवर, दुसरा डोस!"

बादलीला घाम फुटला.

 पुरिताने तोंड उघडलं, पण तिच्याआधी एक म्हातारी ओरडली, "पुरितालाही सिद्धी मिळाली!" आणि धपकन गुडघ्यांवर बसली. तिच्यामागे पाच जणी बसल्या. एकीने कडेचं तान्हं पुरितापुढे धरलं, "हात ठेव गं डोक्यावर!"

"अगं, परवाच टोचलंय मी याला! रडून गाव डोक्यावर घेतलं होतं याने! उठा, उठा सगळ्या!"

"मंत्र कुठला होता, नर्सबाई?"

"लशींची यादी होती ती! भिंतीवर लावली आहे केंद्रात!"

कुणी ऐकेना. पुरिताला घाम आला. खोटं सिद्ध करायला आली होती आणि पाच मिनिटांत तिची स्वतःचीच गादी तयार झाली होती. तिने गर्दीभर नजर फिरवली. सगळ्यांत मागे, खांबाला टेकून, लोला ब्रिगिदा उभी होती. तिच्या आजूबाजूला हातभर मोकळी जागा.

"लोला, इकडे या."

"माझ्या हाताने नाही व्हायचं, पोरी. मी पापी बाई."

"म्हणूनच या."

फिलेमोनने तिला हाताला धरून आणलं. पुरिताने दुसरी बादली पुढे सरकवली, दुसरं गाठोडं तिच्या हातात दिलं.

"काय म्हणू?" लोलाने विचारलं.

"काही म्हणू नका. नुसतं ढवळा."

लोला ढवळू लागली. पिठलं हाटावं तशी, खाली मान घालून.  ना मंत्र, ना मणी, ना पुण्य. आणि पत्र्यावर वाफ धरली, थेंब झाले, ओघळ वाहू लागले. लोलाने ओला हात पत्र्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"गार आहे," ती म्हणाली. मग वर बघून म्हणाली, "म्हणजे माझ्या पापाचा काही संबंध नव्हता."

"काडीचा नव्हता, लोला."

पुरिताने तिसरं गाठोडं सोडून टेबलावर उलटं केलं. पांढऱ्या दाण्यांचा ढीग झाला. खालच्या गावात भाताच्या शेतावर मजुरीला जाणारा बेन्हामिन पुढे वाकला, चिमूट घेऊन चोळली. "आयला! हा तर युरिया! आम्ही भातावर मारतो तो!"

"मग तुला कधी कळलं कसं नाही?" कुणीतरी त्याला झापलं.

"आम्ही मुठीने फेकतो रे. बादलीत कोण कालवत बसतो?"

"आपो," पुरिता वळली, "आता तुम्ही. पाणी आमच्या विहिरीचं, मणी तुमचा, मंत्र तुमचा, दाढीही तुमचीच. फक्त दुपटं बाजूला ठेवा."

आपोंनी मणी पाण्यात टाकला. दोमिनुस झालं, प्लातानुस झालं. क्रेसेरे चार वेळा झालं, पाचव्या वेळी आवाज चिरकला. सगळे बादलीकडे बघत होते आणि मग सगळे फिलेमोनकडे बघू लागले. सात रविवार "गार आहे" असं पहिल्यांदा ओरडायचा मान त्याचाच होता. फिलेमोनने बादलीवर हात ठेवला. त्याचे कान लाल झाले.

"कोमट," तो म्हणाला. मग गावाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "कोमट आहे, आपो. आणि माझ्या चार केळी पडल्यात. बांबू लावलेत मी."

"इथे श्रद्धा उरलेली नाही," आपो झगा आवरत म्हणाले.

"पाण्याला श्रद्धा कशी कळते?" बेन्हामिनने विचारलं. मग गलका उसळला. माझी कोंबडी, माझा तांदूळ! दोघांनी झग्याला हात घातला. पुरिता मध्ये उभी राहिली. "मारायचं नाही. मारलंत तर पुढच्या गावात जाऊन हुतात्मा होतील. बोलू दे त्यांना."

"मी वाईट काय दिलं?" आपोंचा आवाज आता साध्या म्हाताऱ्या माणसाचा होता. "खत दिलं, चांगलं दिलं. पानं हिरवी झाली की नाही? कुणाचं काय नुकसान केलं मी?"

"माझं केलं," लोला म्हणाली. ओरडली नाही. "केळी गेल्या, परत लावीन. बकरी गेली, रडून झालं. पण आठ दिवस मी अर्धपोटी बसून आयुष्यभराची पापं उकरत होते, आणि तुला माहीत होतं की ते खत आहे. त्याचं काय?"

आपोंनी खाली बघितलं.

"बोल ना. इथेच बोलला होतास, इथेच बोल."

"तुझ्या घरात पाप नव्हतं," आपो म्हणाले. "पाणी जास्त झालं होतं."

"मागच्यांना ऐकू नाही गेलं."

त्यांनी पुन्हा सांगितलं. पेले घेतलेली पोरं कंटाळून घरी जेवायला पळाली होती. झग्यात कोंबलेली शिल्लक गाठोडी टेबलावर निघाली, मैदानामागच्या खुराड्यातल्या कोंबड्या ज्याच्या त्याला मिळाल्या आणि दुपारच्या जीपनीने आपो मेल्चोर डोंगर उतरले.

पण लोक हलेनात. एकाने चाचरत विचारलं, "नर्सबाई, पण पानं तर खरंच हिरवी झाली होती."

"झालीच होती. युरिया पानाला चढतोच. खत खोटं नव्हतं, त्याच्यावरचा मंत्र खोटा होता. आणि मंत्रामुळे तुम्ही कुणी विचारलं नाही, की यात आहे काय, किती घालायचं, आणखी काय लागतं. केळींचं म्हणाल तर मला काय कळतं? मी बाळंतपणं करते. लोलाला विचारा."

लोला टेबलाला टेकून उभी होती. तिच्याभोवतीची मोकळी जागा आता भरली होती.

"पानं खाणार आहात का तुम्ही?" तिने विचारलं. "मग केळीला नुसता पाला कशाला चारता? पाल्याने ती उंच होते आणि वाऱ्याला पडते. घड भरायला आणि बुंधा घट्ट व्हायला राख लागते, शेण लागतं, कुजलेला पाचोळा लागतो. हे पांढरं खत घालायचं तर मूठभर, महिन्या-दोन महिन्यांनी, ओल्या मातीत, बुंध्यापासून दीड वीत दूर, गोल आळं करून. बुंध्याजवळ फुटलेली पिल्लं चार ठेवू नका, एक ठेवा. हे मला पन्नास वर्षं माहीत होतं." ती थांबली. "माहीत होतं आणि तरी मी राख बंद केली. तो इतक्या खात्रीने बोलायचा ना!"

"तेच तर," पुरिता म्हणाली. "बायांनो, बाबांनो, माझं एवढंच ऐका. नाहीतर तेही ऐकू नका, आधी पडताळून बघा. आज मीच बादली गार केली तर तुम्ही माझ्या पाया पडायला निघालात. कुणी काही अजब करून दाखवलं तर गुडघ्यावर बसू नका, जवळ जाऊन बघा. गाठोडं सोडायला सांगा. दुसऱ्याच्या हाताने करून बघा. खरं असेल तर ते पापी माणसाच्या हातूनही होतं. आणि प्रश्न विचारला म्हणून जो तुमचं पाप काढतो, त्याच्या हातचं पाणी केळीला घालू नका, पोरांना तर नाहीच."

पुढच्या महिन्यात तालुक्याचा तरुण कृषी अधिकारी माती तपासायला सान रोकेत आला. अर्ध्या तासात उरकेल असं त्याला वाटलं होतं. गावाने त्याला मैदानावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. राखेत असं काय असतं? मूठ कुणाची, तुमची की आमची? माती लाल असली तर? पावसात घातलं तर वाहून जात नाही का? तुम्ही हे स्वतः करून पाहिलंत की वाचलंत? बेन्हामिनने तर त्याच्या पिशवीतली बाटली उघडून दाखवायला लावली. संध्याकाळची शेवटची जीपनी हॉर्न वाजवून निघून गेली तरी हात वर होतेच.

"तुमच्या गावात सांगितलेलं कुणी ऐकतच नाही का हो?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"ऐकतो ना, बाळा," लोला ब्रिगिदा त्याच्यापुढे तळलेल्या केळ्यांची बशी सरकवत म्हणाली. "लक्ष देऊन ऐकतो, म्हणून तर विचारतो."